कपाट सरकवायचे स्लायडर: 3 स्टार, उरलेले 2 आईला

दिवाळीच्या साफसफाईला लोखंडी कपाट भिंतीपासून पुढे घ्यायचं होतं म्हणून त्या गोल चकत्या मागवल्या, खाली फेल्ट, वर चिकटपट्टी, आठचं पाकीट. जाहिरातीत एक बाई एका बोटाने सोफा ढकलते, तसलं काही होत नाही, आधीच सांगून ठेवतो.

कपाटाला हात लावायच्या आधी जरा किडा चावला. बॅगा तोलायचा हुकवाला काटा आहे घरात, तो जुन्या ट्रंकेला अडकवून आडवं ओढलं. ट्रंक रिकामी 10 किलोची, टाइल्सवर जागची सुटायला काटा 4 दाखवतो. आत 10 किलो तांदूळ ठेवला तर 8, अजून 10 ठेवला तर 12 च्या आसपास. म्हणजे वजन दुप्पट तर जोरही दुप्पट. चकत्या लावल्यावर त्याच 30 किलोला 6, हे मात्र भारी, पण वजन वाढवलं की हाही आकडा वाढतोच. ॲमाँटन नावाच्या फ्रेंच माणसाने 1699 मध्येच सांगून ठेवलंय, घर्षण वजनाच्या पटीत. आणि किती जागा टेकलीय त्याने फरक पडत नाही, तेही खरं निघालं, चारच्या आठ चकत्या लावल्या तरी काटा तिथेच, कारण तेवढंच वजन जास्त जणांत वाटलं गेलं इतकंच. मग आठचं पाकीट कशाला विकता राव?

आता कपाट. रिकामंच 80 च्या घरात, त्यात साड्या, पितळेची भांडी आणि माझी पुस्तकं धरून दीडशे तरी. मी आणि भाऊ खांद्याने रेटत होतो, तर ते वरून डुललं आणि एक चकती चिकटपट्टीसकट बाहेर. एक स्टार तिथेच गेला. (कमरेच्या खालून ढकला, वरून रेटताना आपण त्याला खालीही दाबतो, म्हणजे वजनात आपलीच भर.)

तेवढ्यात आई आतून, "अरे आधी रिकामं करा की ते!"

केलं. एकट्याने सरकवलं. नंतर हिशोब केला तर भरलेलं कपाट चकत्यांवर म्हणजे 30 किलोचा जोर आणि रिकामं कपाट चकत्यांशिवाय 32. म्हणजे जवळपास सारखंच, आणि रिकामं करणं फुकट. दोन्ही केलं तर 16.

साड्या परत घड्या घालून लावायला मात्र अख्खी संध्याकाळ गेली, आणि त्या मलाच लावायला लावल्या.