रानभाजीची टोपली, पावसाळाभर घेतली त्याबद्दल

आठवड्याला ३० च्या वर वेगवेगळ्या वनस्पती खाणाऱ्यांच्या पोटात जास्त प्रकारचे जीवाणू सापडले, असं २०१८ च्या अमेरिकन गट (gut, म्हणजे आतडं) प्रोजेक्ट या अभ्यासामध्ये आलं होतं, ते वाचून मोजलं तर आमच्या घरी जेमतेम १४, तेही कांदा-बटाटा धरून! म्हणून ही टोपली लावली. टाकळा, भारंगी, फोडशी, करटोली सगळं ताजं, फोडशीच्या मुळांना माती तशीच. चणाडाळ घालून केली, पोरांनी पण खाल्ली. पण शेवळं (घशाला खाजणारी रानभाजी) दिली ती नुसतीच, सोबत खाज मारायला घालतात ती काकडं (काकड झाडाची आंबट फळं) नाहीत की चिठ्ठी नाही, मी आपली तशीच परतली आणि रात्रभर घसा खाजत बसले. टोपलीवाल्यांना फोन केला तर म्हणे, ताई चिंच घालायची ना. अहो मग आधी सांगा की! निवडण्यात तास जातो तो वेगळाच. करटोलीसाठी परत मागवलीये.