जुना लॅपटॉप लिनक्सवर न्यायचाय: मिंट की फेडोरा?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणजे माझा सातव्या पिढीचा आय-फाइव्ह धडधाकट असून बाद. म्हणून विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स या खुल्या प्रणालीचे दोन अवतार, मिंट (सिनॅमन डेस्कटॉपचं) आणि फेडोरा वर्कस्टेशन, दोन्ही पाळीपाळीने टाकून पाहिलं.

आवाज, कॅमेरा, टचपॅड दोन्हीकडे पहिल्या फटक्यात चालू. घोडं अडलं वाय-फायपाशी, कारण कार्डाचा ड्रायव्हर (ते चालवणारं सॉफ्टवेअर) खुला नाही, म्हणून तो सोबत येत नाही. फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं आणि नेट मिळवलं. पुढे मिंटमध्ये ड्रायव्हर मॅनेजर उघडून एक खूण केली, रीस्टार्ट केलं, झालं. फेडोरात त्याच ड्रायव्हरसाठी आरपीएम फ्यूजन हे वेगळं भांडार जोडून टर्मिनलमध्ये कमांड द्याव्या लागल्या. व्हिडिओ चालवायला लागणाऱ्या कोडेकचीही तीच गत: मिंट इन्स्टॉल करतानाच विचारतं, फेडोरात बरेचसे आपले आपण आणायचे.

एक अडचण मात्र दोन्हीकडे येऊ शकते. सिक्युअर बूट (अनोळखी सॉफ्टवेअर सुरू होताना रोखणारी सोय) चालू असताना असा ड्रायव्हर टाकला, की पुढच्या बूटला निळा पडदा येऊ शकतो. तिथे ‘एनरोल मॉक’ (ड्रायव्हरची किल्ली नोंदवा) निवडून आधी ठरवलेला पासवर्ड द्यायचा. घाबरून ‘कंटिन्यू बूट’ दाबलं तर ड्रायव्हर बसूनही चालत नाही. मी दाबलं होतं.

लॅपटॉप अगदी नवा असेल तर पारडं फेडोराकडे झुकतं. त्याचा कर्नल (हार्डवेअर हाताळणारा गाभा) ताजा असतो, आणि सोबत वेगळ्या रिझोल्यूशनचा मॉनिटर जोडला तर वेलँड या पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या यंत्रणेमुळे अक्षरं नीट दिसतात. पण दर आवृत्तीला अपडेट जेमतेम तेरा महिने. मिंट २२ ला २०२९ पर्यंत.

वापरायला? मिंटचा मेनू डाव्या कोपऱ्यात, खाली पट्टी. आईने काही न विचारता जीमेल उघडलं. फेडोराच्या ग्नोम या डेस्कटॉपमध्ये मिनिमाइझचं बटणच मुळात दिसत नाही. “ही खिडकी खाली कशी घालू रे?” हे तिने तीनदा विचारलं. मला स्वतःला ग्नोम आवडतं, पण लॅपटॉप तिचा होणार होता.

मराठी इन्स्क्रिप्ट दोन्हीकडे सेटिंगमधूनच मिळतं. टॅलीवर हिशेब असतील किंवा जुन्या श्रीलिपी फॉन्टमधल्या फायली रोज लागत असतील, तर विंडोज पूर्ण पुसू नका. ड्युअल बूट ठेवा, म्हणजे एकाच लॅपटॉपवर दोन्ही प्रणाली.

आणि प्रिंटर. कॅनॉनच्या एलबीपी २९०० सारख्यांची कॅप्ट ही स्वतःची भाषा आहे. लिनक्सवर ते जमवायला चिकाटी लागते, मिंट असो वा फेडोरा. नवा घेणार असाल तर खोक्यावर ‘एअरप्रिंट’ लिहिलंय का ते बघा. असे प्रिंटर बहुधा वेगळ्या ड्रायव्हरशिवाय दोन्हीकडे चालतात.