उन्नतांश-दिगंश की क्रांती-विषुवांश: आधी काय शिकावं?

तारा आकाशात कुठे आहे हे सांगायच्या दोन पद्धती आहेत, आणि नवख्याला दोन्ही एकदमच भेटतात. एकत्र पाठ करायला गेलात की गोंधळ ठरलेला. माझं मत आधीच सांगतो: सुरुवात पहिलीपासून, म्हणजे उन्नतांश-दिगंशापासून करा, पण तिथेच रेंगाळू नका.

उन्नतांश म्हणजे तारा क्षितिजापासून किती अंश वर. दिगंश म्हणजे उत्तरेपासून पूर्वेकडे मोजत गेल्यावर येणारी दिशा. साधन काही लागत नाही. हात ताठ करून धरलेली मूठ साधारण १० अंशांची. ध्रुवताऱ्याचा उन्नतांश साधारण गावाच्या अक्षांशाएवढा असतो. सोलापूरचा अक्षांश सुमारे १७.७, म्हणून आपला ध्रुवतारा उत्तरेला दोन मुठींच्या जरा खालीच. गच्चीवरून लगेच पडताळता येतं, समोर कुणी मजले चढवले नसतील तर.

पण बाकीच्या ताऱ्यांचे हे आकडे टिकत नाहीत. तासाभराने वेगळे, आणि त्याच वेळी दिल्लीत आणखी वेगळे.

क्रांती-विषुवांश मात्र आकाशालाच चिकटलेले. क्रांती खगोलीय विषुववृत्तापासून (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या नेमकं वरचं आकाशातलं वर्तुळ) अंशांत मोजतात, उत्तरेला अधिक, दक्षिणेला उणे; विषुवांश वसंतसंपातापासून (सूर्य हे वर्तुळ ओलांडून उत्तरेकडे जातो तो बिंदू) पूर्वेकडे तासांत. १ तास म्हणजे १५ अंश. संपातचलनामुळे, म्हणजे हा संपातबिंदू सरकत असल्यामुळे, ते बदलतात, पण फार सावकाश. सुरुवातीला रुक्ष वाटतं. खरी मजा पुढे आहे: ज्या ताऱ्याची क्रांती आपल्या अक्षांशाएवढी, तो थेट डोक्यावरून जातो. रोहिणीची क्रांती १६.५, स्वातीची १९.२, म्हणजे दोघीही सोलापूरच्या खमध्याला (बरोबर डोक्यावरच्या बिंदूला) जवळजवळ घासून जातात. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, म्हणजे जानेवारीच्या मध्यावर, रात्री साडेनऊच्या सुमारास मान मागे टाकली की रोहिणी सापडते. तिचा विषुवांश ४ तास ३६ मिनिटं, अगस्त्याचा ६ तास २४ मिनिटं. म्हणून पावणेदोन तासांनी अगस्त्य बरोबर दक्षिणेला येतो. त्याची क्रांती उणे ५२.७ असल्याने इथून तो २० अंशांच्या वर कधीच चढत नाही. मे महिन्यात ११ तारखेच्या आसपास सूर्याचीही क्रांती १७.७ होते आणि दुपारी साडेबाराच्या थोडं आधी सावली पायाखाली जाते. ऑगस्टच्या सुरुवातीला पुन्हा तेच.

नुसती नक्षत्रं ओळखायची असतील तर पहिली जोडी पुरते. खगोलशास्त्र ऑलिंपियाड या स्पर्धेची तयारी किंवा ताऱ्यांचे नकाशे वापरायचे असतील तर दुसरीला पर्याय नाही. दुर्बीण घेतानाही हाच प्रश्न येतो. वर-खाली, डावी-उजवीकडे फिरणारी साधी बैठक पहिल्या पद्धतीची. नवशिक्याने हीच घ्यावी. विषुववृत्तीय बैठकीचा अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो, सोलापुरात क्षितिजापासून १७.७ अंशांवर.