आयआरच्या फायली का माईक सरकवायचं प्लगइन? माझं माप कुठं झुकलं

न्यूरल ॲम्प मॉडेलर (गिटार ॲम्पचा आवाज कॉम्प्युटरवर काढणारं सॉफ्टवेअर) फुकटात आल्यापासून ॲम्पचं टेन्शन जवळपास मिटलंय, आता सगळं अडतंय ते कॅबिनेट (ॲम्पच्या स्पीकरचा डबा, म्हणजेच कॅब) आणि त्याच्यापुढच्या माईकपाशी. गेल्या दोन-तीन महिन्यांत चार पोरांनी मला एकच विचारलं, दादा आयआरचे पॅक घेऊ का ते माईक माऊसनं ओढायचं प्लगइन घेऊ? आयआर म्हणजे इम्पल्स रिस्पॉन्स, कॅबिनेट आणि माईकचा आवाज मोजून ठेवलेली छोटी वेव्ह फाईल. दोन्हीवर पैसे घालून झालेत माझे, म्हणून एकदाच लिहून टाकतो. माझ्या कानाला जे वाटलं ते सांगतोय, तुमचा कान वेगळा असू शकतो.

आधी फायली. स्वस्त, बऱ्याचशा फुकट, कुठल्याही लोडरमध्ये (आयआर चालवणारं सॉफ्टवेअर) आणि पेडलमध्ये चालतात, लॅपटॉपला घाम फुटत नाही. सेलेस्टियन (Celestion) कंपनी स्वतःच आपल्या स्पीकरचे आयआर विकते, म्हणजे व्हिंटेज ३० किंवा ग्रीनबॅक पाहिजे तर थेट मूळ घरातलाच मिळतो. त्रास म्हणजे नावं. व्ही३०, ५७, कॅप एज, एक इंच, बी, फायनल दोन, असल्या तीनशे फायली एका फोल्डरात, आणि त्यात एक मोठ्या आवाजाची, एक बारीक, मोठी वाजली की तीच भारी वाटणार, आपण माणूसच आहे. पण याला उपाय आहे, व्हॉल्यूम सारखा करायचा, पाच फायली ठेवायच्या, बाकीच्या डिलीट.

खरी गोम पुढं आहे.

मला एकट्या एसएम ५७ माईकचा आवाज चावरा वाटतो. त्याच्या जोडीला रॉयर १२१ सारखा रिबन माईक पाहिजेच, म्हणजे तांबड्याबरोबर पांढरा असला की कसं ताट पूर्ण होतंय, तसं. आता ५७ मला एका पॅकमधला आवडला आणि रिबन दुसऱ्यातला. दोन्ही लोड केले, निम्मे निम्मे. एकेक ऐकलं की झकास, एकत्र केलं की गिटार आत ओढल्यासारखं, पोकळ. मी रात्री एक वाजता तारा बदलल्या. केबल बदलली. पिकअपची उंची कमी-जास्त करून बघितली. दुसऱ्या दिवशी आमचा ड्रमर राजारामपुरीतल्या माझ्या खोलीवर आला, अर्धा मिनिट ऐकलं आणि म्हणला, "भावा, बादलीत बसून वाजवलंयस काय?"

मग दोन्ही वेव्ह फायली एडिटरमध्ये उघडून पार आत झूम केलं. एक फाईल सुरुवातीपासूनच सुरू होत होती, दुसरीत आधी थोडी शांतता. फरक किती, तर १० सॅम्पल (डिजिटल आवाजाचे एकेक ठिपके). ४८ किलोहर्ट्झला १० सॅम्पल म्हणजे साधारण ०.२ मिलिसेकंद, तेवढ्यात आवाज सात सेंटीमीटर जातो, म्हणजे चार बोटं. पण या चार बोटांनी २४०० हर्ट्झच्या आसपास दोन्ही माईक एकमेकांना खाऊन टाकतात, आणि गिटारची धार नेमकी तिथंच असते हो. एक फाईल १० सॅम्पल सरकवली, गिटार एकदम पुढं येऊन उभं राहिलं.

झालं की मग, असं वाटेल. नाही झालं. दुसऱ्या दिवशी ५७ ची कॅपवरची (स्पीकरच्या मधल्या टोपीसमोरची) फाईल काढून कडेची लावली, परत पोकळ. म्हणजे फाईल बदलली की दरवेळी झूम करा, मोजा, सरकवा. काही पॅक बनवणारे सगळ्या फायली आधीच एका रेषेत आणून देतात, पण वेगवेगळ्या दोन पॅकांची रेषा एकच असेल याची खात्री कोण देणार? एकाच पॅकमधली तयार मिक्स फाईल घेतली तर हा प्रश्न येत नाही हे कबूल, पण मग मिक्स त्याच्या कानाचं, माझ्या नाही. या एका कटकटीनं मी वैतागलो.

आता सरकवायचं प्लगइन. यात कॅबचं चित्र असतं, माईक ओढून स्पीकरच्या मधोमध न्या नाहीतर कडेला, मागं घ्या. लाइन सिक्स कंपनीनं आपल्या हेलिक्स या गिटार प्रोसेसरमध्ये २०२२ साली ३.५० अपडेटला असंच केलं, तेव्हापासून बऱ्याच जणांना या पद्धतीची सवय लागली. आतून बहुतेक वेळा हे पण आयआरच असतात, खूप ठिकाणी मोजून ठेवलेले, मधली जागा सॉफ्टवेअर भरून काढतं. तोटे आहेत. माझा जुना लॅपटॉप अशी तीन प्लगइन लावली की खरखरायला लागतो, आणि जो कॅब आत दिलाय तोच, बाहेरचा घालता येईलच असं नाही. किंमत पण टोचते, दिवाळीच्या आसपास सेल लागतात तेव्हा बघा.

पण मी जे वापरतो त्यात दोन्ही माईक एकाच कॅबवर, एकाच बैठकीत मोजलेले आहेत. रिबन हळूहळू मागं ओढला की पोकळपणा कानादेखत येतो आणि पुढं घेतला की जातो. झूम नाही, सॅम्पल मोजणं नाही. जे शोधायला मला दोन रात्री गेल्या ते इथं माऊस हलवताना कळतंय, आणि पॉवर कॉर्ड धरून वाजवतच कळतंय.

तरी एकच माईक वापरणार असाल, घरी हेडफोनवर वाजवणार असाल, तर माझी अर्धी तक्रार तुम्हाला लागूच होत नाही, फुकट फायलींवर मजेत राहा. दोन माईक मिसळायची हौस असेल तर मी तरी परत फायलींच्या ढिगात हात घालणार नाही.

स्टेजचा प्रश्न राहतो, कारण लॅपटॉप घेऊन गणपतीच्या कार्यक्रमाला कोण जाणार. त्यासाठी जुगाड आहे. प्रोजेक्ट ४८ किलोहर्ट्झला ठेवायचा, एका सॅम्पलचा क्लिक प्लगइनमधून पास करायचा, रूम-रिव्हर्ब आणि कॉम्प्रेसर असला तर बंद, मोनो वेव्ह रेंडर करायची, सुरुवातीची शांतता कापायची आणि २०४८ सॅम्पलवर तोडायची (पेडल १०२४ चंच असेल तर तेवढं). दोन्ही माईक मिसळून एकच फाईल तयार, ती पेडलमध्ये. गेल्या वर्षी मंडळाच्या कार्यक्रमात तीच लावून थेट मिक्सरला दिली. साउंडवाल्यानं एकदा फेडर वर केला, खाली ८० हर्ट्झचा कट मारला आणि ढोलकीच्या माईककडं वळला.