लुकलुकत्या दिव्यांखाली चार हंगाम: कॅनन सेव्हन डी मार्क टू

भाचीनं डावीकडे झेप घेतली तेव्हा मी शटर दाबून धरलं होतं. ती गोलकीपर आहे. आठ फ्रेम पडल्या. घरी येऊन लॅपटॉपवर उघडल्या तर एकाच झेपेचे आठ फोटो आठ वेगळ्या मैदानांवर काढल्यासारखे दिसत होते. पहिला ठीक, दुसरा पिवळट, तिसरा एकदम अंधारलेला, चौथ्यात वरचा अर्धा भाग नीट आणि खाली तपकिरी झाक. चेंडू तिच्या बोटांना लागला तो क्षण नेमका तिसऱ्या फ्रेममध्ये होता. मधे एकही सेटिंग बदललं नव्हतं: मॅन्युअल मोड (सगळं हातानं ठरवायचं), एफ १.८ (लेन्सचं तोंड किती उघडं ते; आकडा लहान तितका उजेड जास्त), शटर १/५०० सेकंद, आयएसओ (उजेडाला किती दाद द्यायची ते) ६४००. ती फ्रेम मी बराच वेळ उजळत बसले, पण जितकी उजळली तितका चेहरा दाणेदार होत गेला. शेवटी तो फोटो मी तिला दिलाच नाही.

तेव्हाच्या कॅमेऱ्याला दोष देत नाही, कारण गडबड दिव्यांत होती. विजेचा प्रवाह ५० हर्ट्झचा असला की मेटल हॅलाइड किंवा सोडियमचा दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो आणि मंदावतो. ६० हर्ट्झ असेल तर १२० वेळा. डोळ्याला हे कळत नाही. पण १/५०० च्या शटरला त्या चढउताराचा फक्त पाचवा हिस्सा मिळतो, आणि तो माथ्यावरचा की तळाचा हे आपल्या हातात नसतं. शिवाय शटरचा पडदा सेन्सरवरून सरकायलाच १/२५० सेकंदाच्या आसपास वेळ घेतो. तेवढ्यात दिवा मंदावला की फोटोचा एक भाग उजळ आणि दुसरा मातकट. मोठ्या स्टेडियममध्ये दिवे वेगवेगळ्या फेजवर वाटलेले असतात, त्यामुळे एक मंदावतो तेव्हा दुसरा उजळलेला असतो आणि सरासरी सांभाळली जाते. लहान मैदानावर चार खांब आणि बऱ्याचदा सगळे एकाच फेजवर. तिथे हा त्रास सगळ्यात जास्त.

हे समजल्यावर मी वापरलेला कॅनन सेव्हन डी मार्क टू घेतला. २०१४ साली आलेला कॅमेरा, आता त्याचं उत्पादनही होत नाही. चार हंगाम मी तो रात्रीच्या सामन्यांना वापरते आहे: फुटबॉल जास्त, थोडं हॉकी, अधूनमधून धावण्याच्या शर्यती. घेण्यामागे कारण एकच होतं, अँटी-फ्लिकर. कॅननच्या ईओएस मालिकेत ही सोय पहिल्यांदा याच कॅमेऱ्यात आली. उजेड मोजायला यात दीड लाख पिक्सेलचा वेगळा सेन्सर आहे. तोच दिव्यांची लुकलुक ओळखतो आणि उजेड माथ्यावर असेल त्या क्षणी शटर सोडतो. प्रत्येक फ्रेमला, बर्स्टमध्ये म्हणजे बटण दाबून धरून सलग फ्रेम काढतानासुद्धा.

पण ही सोय मुळात बंद असते. मेनूत जाऊन स्वतः चालू करावी लागते. मला हे माहीत असूनही पहिल्या सामन्याला मी विसरले, आणि पहिल्या हाफचे फोटो पुन्हा तसेच पट्ट्यापट्ट्यांचे आले. मध्यंतरात मेनू उघडला, सेटिंग चालू केलं. दुसऱ्या हाफमध्ये कॉर्नर किकच्या वेळचे सलग नऊ फोटो एकाच रंगाचे, एकाच उजेडाचे निघाले. मागच्या स्क्रीनवर ते एकामागून एक सरकवताना मला जो आनंद झाला तो महागड्या लेन्सनंही कधी झाला नव्हता. हा कॅमेरा कुणी घेणार असेल तर बॅटरी घातल्यावर आधी हे सेटिंग करा, मग बाकीचं.

याची किंमतही मोजावी लागते. कॅमेरा उजेडाच्या माथ्यासाठी थांबतो, म्हणजे प्रत्येक फ्रेम अगदी किंचित उशिरा पडते. सेकंदाला दहा फ्रेमचा वेग थोडा उतरतो. शटरचा ताल मंदावलेला कानाला कळतो. किकच्या नेमक्या क्षणी एकच फ्रेम मारायची ज्यांची सवय आहे त्यांना बोट थोडं आधी दाबायला शिकावं लागेल. मला चारपाच सामने लागले. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून फोटो काढताना, ही सोय चालत नाही, व्ह्यूफाइंडरलाच डोळा लावायचा. आणि हा कॅमेरा १०० आणि १२० हर्ट्झचीच लुकलुक ओळखतो. काही एलईडी दिवे यापेक्षा फार जलद लुकलुकतात, तिथे याचा उपयोग नाही. त्यासाठी २०२१ च्या ईओएस आर थ्रीसारख्या नव्या कॅमेऱ्यांत शटर स्पीड अगदी बारीक पायऱ्यांनी जुळवायची सोय आली. तुमच्या मैदानावर तसले एलईडी असतील तर हा कॅमेरा घेऊ नका.

आता उरलेली सेटिंग. लुकलुक आटोक्यात आली म्हणून अंधार कमी होत नाही.

माझ्याकडे ८५ एमएम एफ १.८ लेन्स आहे. या कॅमेऱ्याच्या क्रॉप सेन्सरवर (फुल फ्रेम, म्हणजे ३५ एमएम फिल्मएवढ्या सेन्सरपेक्षा लहान) ती १३६ एमएमसारखी वागते, म्हणजे गोलच्या मागे किंवा टचलाइनजवळ बसणाऱ्याला पुरेशी. एफ ५.६ च्या झूमशी तुलना केली तर ही लेन्स जवळपास दहापट उजेड आत घेते. जिथे झूमला आयएसओ ६४००० लागेल तिथे मला ६४०० पुरतो. मैदानाच्या पलीकडच्या टोकाचा खेळ सोडून द्यावा लागतो आणि मी तो सोडते. अंधाऱ्या मैदानावर लांबचा फोटो हट्टानं काढण्यापेक्षा जवळ येणाऱ्या खेळाडूची वाट बघणं मला जास्त फळलं आहे.

एफ १.८ वर फोकसची खोली (पुढून मागे जेवढा पट्टा शार्प दिसतो तो) किती पातळ असते हे आधी समजून घ्यावं. पंधरा मीटरवरच्या खेळाडूला सुमारे दोन मीटर खोली मिळते, तिथे फारशी भीती नाही. तोच आठ मीटरवर आला की खोली साधारण ६० सेंटीमीटर. पुढे आलेला गुडघा शार्प आणि चेहरा मऊ, असे फोटो मी पुष्कळ काढले आहेत. म्हणून खेळ अंगावर यायला लागला आणि उजेड थोडा बरा असला की मी एफ २.२ किंवा २.५ वर जाते.

शटर १/५००. रात्री मी यापेक्षा खाली सहसा जात नाही. समोरून आडवा पळणारा खेळाडू १/५०० वर जेमतेम थांबतो, पावलं थोडी पुसट होतात. ती मला चालतात, चेहरा पुसट झालेला चालत नाही. उजेड अगदीच कमी असेल तर दोन ठिकाणी सूट घेता येते. थेट आपल्याकडे धावत येणारा खेळाडू फ्रेममध्ये कमी सरकतो. आणि हेडरला उडी मारलेला खेळाडू उडीच्या माथ्यावर क्षणभर जवळपास थबकतो. हे दोन्ही १/३२० वर निभावतात. अशा वेळी शटर उतरवून आयएसओ वाचवते.

आयएसओबद्दल माझं मत पक्कं आहे: हवा तितका चढवा, फोटो अंधारा काढू नका. ३२०० वर अंधारा काढून नंतर एक स्टॉप (म्हणजे दुप्पट) उजळलेला फोटो ६४०० वर नीट काढलेल्या फोटोपेक्षा या कॅमेऱ्यावर खराब दिसतो, विशेषतः सावलीतले चेहरे. ६४०० चे फोटो मी ए फोर आकारात छापले आहेत, दाणे दिसतात पण फोटो टिकतो. १२८०० वर केसांचा, जर्सीच्या कापडाचा तपशील जातो, तो फोन स्क्रीनपुरता. फुल फ्रेम सेन्सरचं क्षेत्रफळ याच्या अडीच पट आहे, त्यामुळे तिथे साधारण सव्वा स्टॉपचा फायदा मिळतो. ज्यांना मोठे प्रिंट हवेत त्यांनी तिकडे बघावं.

ऑटो आयएसओ मी बंद ठेवते. फ्रेममध्ये काळं आकाश जास्त आलं की मीटर फसतो आणि पांढऱ्या जर्सीवरचा तपशील उडतो. त्याऐवजी सामना सुरू व्हायच्या आधी सरावाच्या वेळी मी मैदानाचा उजेड तपासून घेते. गोलसमोर किती, मधल्या वर्तुळात किती, दोन खांबांच्या मधल्या काळ्या पट्ट्यात किती. कमी दिव्यांच्या मैदानावर या जागांत एक-दीड स्टॉपचा फरक सहज असतो. ते आकडे हातावर पेननं लिहिते. खेळ कॉर्नरकडे सरकला की अंगठ्यानं आयएसओ एक पायरी वर, परत गोलसमोर आला की खाली. बसायची जागाही तेव्हाच ठरते: खेळाडूंचे चेहरे खांबाकडे वळतील आणि खांब माझ्या पाठीमागे किंवा बाजूला राहील अशी. वरून पडणाऱ्या उजेडात डोळ्यांच्या खोबण्या काळ्या दिसतात. खेळाडू वर चेंडूकडे बघतो तेव्हा तेवढ्यापुरता चेहरा उजळतो, हेडरचे फोटो रात्री म्हणूनच चांगले येतात.

फोकसमध्ये या कॅमेऱ्यानं मला क्वचितच निराश केलं. ६५ क्रॉस टाइप (आडव्या आणि उभ्या दोन्ही रेषा पकडणारे) फोकस पॉइंट आहेत, पण खऱ्या अंधारात मी मधल्या पॉइंटवरच विसंबते. तो उणे तीन ईव्हीपर्यंत (ईव्ही हे उजेडाचं माप) काम करतो, आणि एफ २.८ किंवा त्याहून मोठ्या अ‍ॅपर्चरची लेन्स असेल तर त्याची अचूकता वाढते. म्हणजे उजळ लेन्स फोटोला उजेड देते तशी फोकसलाही मदत करते. एआय सर्व्हो (हलत्या खेळाडूमागे सतत फिरणारा फोकस), मधला पॉइंट आणि त्याच्या भोवतीचे चार, फोकस शटरच्या बटणावरून काढून मागच्या एएफ-ऑन बटणावर. ट्रॅकिंगसाठी मेनूतल्या तयार पर्यायांपैकी केस टू, म्हणजे मधे दुसरा खेळाडू आडवा आला तरी कॅमेरा लगेच त्याच्यावर उडी मारत नाही. पहिल्या फ्रेमसाठी रिलीजऐवजी (लगेच शटर सोडण्याऐवजी) फोकसला प्राधान्य. पहिली फ्रेम क्षणभर उशिरा येते, पण पुढची सगळी मालिका जागेवर राहते.

पॉइंट कुठे ठेवायचा हेही महत्त्वाचं. रात्री चेहऱ्यावर कॉन्ट्रास्ट कमी असतो, फोकस चाचपडत राहतो. छातीवरचा नंबर, कॉलरची कड, खांद्यावरचा पट्टा, अशा ठळक रेषेवर पॉइंट ठेवला की पकड लगेच बसते. गडद रंगाच्या बिनपट्ट्याच्या जर्सीवर मात्र कुठलाच कॅमेरा लवकर पकड घेत नाही. तिथे मी बाहीच्या कडेवर जाते.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा पांढराच दिसावा म्हणून केलेली रंगांची जुळवणी, ऑटोवर सोडू नये. मी गोलपोस्टचा पांढरा खांब फ्रेमभर घेऊन कस्टम व्हाइट बॅलन्स बसवते, आणि तो फोटो १/५० वर काढते. त्या वेळात दिव्याची पूर्ण आवर्तनं सामावतात, म्हणून रंगाची खरी सरासरी मिळते. १/५०० वर काढलेला पांढरा खांब कधी हिरवट तर कधी गुलाबी येईल. सोडियमचे नारंगी दिवे असतील तर त्या उजेडात बाकीचे रंग जवळपास नसतातच, कितीही बॅलन्स केला तरी निळी जर्सी निळी होत नाही. असे फोटो मी सरळ कृष्णधवल करते. फाइल नेहमी रॉ, म्हणजे सेन्सरची कच्ची माहिती.

बाकी गोष्टी थोडक्यात. वजन ९१० ग्रॅम, दोन तासांनी मनगट बोलायला लागतं. दोन मेमरी कार्डं (एक सीएफ, एक एसडी) बसतात, पण दोन्हीवर एकदम लिहायला लावलं तर हळू कार्डाच्या वेगानं चालावं लागतं, म्हणून मी जलद सीएफ कार्डावरच लिहिते. दव पडतं त्या रात्री बॉडी ओली झाली आणि काही बिघडलं नाही. लेन्सला हूड मात्र हवंच, दव काचेवर बसतं आणि कडेच्या खांबाचा उजेडही आत शिरतो.

गेल्या महिन्यात भाचीचा सामना होता, त्याच मैदानावर, त्याच चार खांबांखाली. पेनल्टीला ती पुन्हा डावीकडेच झेपावली. सात फ्रेम पडल्या आणि साती फ्रेममध्ये गवताचा हिरवा रंग एकच होता. चौथ्यात चेंडू तिच्या ग्लोव्हच्या टोकाला लागून वळतो आहे. आधी मी अशा मालिकेतून उजेड चांगला आलेली फ्रेम निवडायची, या वेळी चेंडू बघून निवडली. ती छापून तिला दिली. तिनं फोटो बराच वेळ हातात धरला आणि म्हणाली, "आत्या, याच्या आधीचाही दे ना. माझा पाय जमिनीवरून सुटतो तो. कोचना दाखवायचा आहे."

तोही तितकाच स्वच्छ आला होता. दुसऱ्या दिवशी छापून दिला.