जैतापूरचा प्रश्न कोणत्या वर्गात मांडायचा?

एम.ए. संपत आलं की राज्यशास्त्राची मुलं हमखास विचारतात: पीएच.डी. राज्यशास्त्रातच करू की आंतरराष्ट्रीय संबंधांत जाऊ? उत्तरादाखल त्यांना सहसा विद्यापीठांची आणि नोकऱ्यांची यादी मिळते. ती यादी कुणीही देईल. मी एकच टॉपिक देतो आणि म्हणतो, हा दोन्हीकडून मांडून बघ. टॉपिक आहे रत्नागिरी जिल्ह्यातला जैतापूर अणुऊर्जा प्रकल्प.

डिसेंबर २०१० मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी भारतात आले असताना आपलं अणुऊर्जा महामंडळ आणि फ्रेंच कंपनी अरेवा यांच्यात करार झाला. राजापूर तालुक्यात, माडबनच्या सड्यावर १६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या, एकूण ९९०० मेगावॉट, अशी योजना. सुमारे ९३८ हेक्टर जमीन संपादित झाली. साखरी नाट्याचे मच्छीमार विरोधात उतरले. पुढे अरेवाच आर्थिक अडचणीत आली आणि तिचा अणुभट्ट्यांचा व्यवसाय ईडीएफ या फ्रेंच वीज कंपनीकडे गेला. वीज मात्र अजून आलेली नाही.

राज्यशास्त्राचा विद्यार्थी इथे विचारतो: मोबदला कुणी घेतला, कुणी नाकारला? ज्याची जमीनच जात नाही, पण समुद्र जाईल अशी भीती आहे, त्या मच्छीमाराचा विरोध सरकार कोणत्या रकान्यात मांडतं? शिवसेनेच्या विरोधाचा मतपेटीशी काय संबंध होता? मुंबईतल्या चाकरमान्यांचं गावच्या आंदोलनात वजन किती?

आंतरराष्ट्रीय संबंधवाल्याचं लक्ष दुसरीकडे असतं. सप्टेंबर २००८ मध्ये अणुपुरवठादार गटाने, म्हणजे अणुइंधन आणि तंत्रज्ञान विकणाऱ्या देशांच्या गटाने, भारताला अणुव्यापाराची सवलत दिली आणि त्याच महिन्यात फ्रान्सशी नागरी अणुकरार झाला. इतकी घाई कुणाला आणि कशासाठी होती? २०१० च्या अणुदायित्व कायद्याने अपघाताची झळ पुरवठादारापर्यंत नेली, तेव्हा परदेशी कंपन्या का बिचकल्या? माडबनचा शेतकरी या मांडणीत येतो, पण ‘देशांतर्गत अडथळा’ या नावाने. खरं सांगायचं तर मला हे नाव खटकतं.

आता पुरावे. इथे दोन विषयांतली दरी सगळ्यात रुंद आहे, आणि मुलं नेमकी याचाच विचार शेवटी करतात. राज्यशास्त्रवाल्याला राजापूरची एसटी पकडून तहसील कार्यालयात जाता येतं. सातबारा, फेरफार, जनसुनावणीची कागदपत्रं, ग्रामसभेचे ठराव मिळवता येतात. माहिती अधिकारात अर्ज केला तर उशिरा का होईना, काहीतरी हाती लागतं. शिवाय ओट्यावर बसून बोलणारी माणसं आहेत, आणि त्यांची भाषा आपलीच आहे. परराष्ट्र व्यवहारात हाच अर्ज कलम ८(१)(अ) वर अडू शकतो, कारण परराष्ट्रांशी असलेल्या संबंधांना बाध आणणारी माहिती नाकारायची मुभा कायद्यातच आहे. जुन्या सरकारी फायली अभ्यासकांना खुल्या करण्याचा अभिलेखागाराचा नियम २५ वर्षांचा. म्हणजे २००८ च्या वाटाघाटींच्या फायली नियमानेही २०३३ च्या आधी मागता येणार नाहीत. तोपर्यंत निवृत्त राजदूतांच्या मुलाखती, संसदेतली उत्तरं, फ्रेंच वर्तमानपत्रं आणि संयुक्त निवेदनांतले शब्द मोजणं. संयुक्त निवेदनं वाचणं हे कौशल्य आहे हे मान्य, पण तीन वर्षं तेवढंच करायला स्वभाव लागतो.

पुराव्यांइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे तुम्ही कुणाशी वाद घालणार. संशोधन हा लांब चाललेला संवाद असतो आणि आपण त्यात मध्येच येऊन बसतो. भारतीय राजकारणाच्या अभ्यासात हा संवाद कसा चालतो ते बघा. राज्यशास्त्रज्ञ रजनी कोठारींनी १९६४ मध्ये ‘काँग्रेस व्यवस्था’ ही कल्पना मांडली: एक पक्ष प्रबळ, आणि विरोधकांचं काम त्या पक्षातल्या गटांवर बाहेरून दाब ठेवण्याचं. पन्नासेक वर्षांनी, २०१४ नंतर, भाजपचं वर्चस्व हे त्याच प्रकारचं दुसरं पर्व आहे का, यावर पुण्याचे राज्यशास्त्रज्ञ सुहास पळशीकर यांच्यासह अनेकांनी लिहिलं आणि वाद घातला. जुनी कल्पना, नवी आकडेवारी, आणि ती आकडेवारी भारतातल्याच लोकनीती या संशोधन उपक्रमाच्या मतदार सर्वेक्षणांतून आलेली. या बैठकीत पुण्याचा किंवा नांदेडचा विद्यार्थी परका ठरत नाही. इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली मुंबईतून निघतं, आणि समाज प्रबोधन पत्रिकेसारखं मराठी नियतकालिकही आहे.

पलीकडचा, आंतरराष्ट्रीय संबंधांतला संवाद जास्त झगमगीत, पण यजमान वेगळे. अमेरिकी अभ्यासक केनेथ वॉल्ट्झ यांनी १९८१ मध्ये म्हटलं की अण्वस्त्रं हळूहळू आणखी देशांकडे गेली तर कदाचित बरंच होईल, सगळे जपून वागतील. दुसरे अमेरिकी अभ्यासक स्कॉट सेगन यांचं उत्तर असं की अण्वस्त्रं ‘देश’ नावाची कुणी शहाणी व्यक्ती सांभाळत नाही. ती सांभाळतात लष्करं, आणि संघटना चुका करतात. १९९८ च्या अणुचाचण्या आणि १९९९ चं कारगिल या वादात कसोटीचं उदाहरण झाले. एक बाजू म्हणे, बघा, युद्ध मर्यादित राहिलं. दुसरी म्हणे, बघा, युद्ध झालंच. वाद उत्तम, पण त्यात आपण उदाहरण होतो, सिद्धांत दुसरीकडचे. आंतरराष्ट्रीय संबंधांचे अभ्यासक अमिताव आचार्य यांनी २०१४ मध्ये याच दुखण्यावर बोट ठेवून जगभरच्या इतिहासांतून उभ्या राहणाऱ्या विद्याशाखेची मागणी केली. ती जागा भरायला माणसं हवी आहेत, ही या बाजूची खरी ओढ. मराठीत मात्र परराष्ट्र धोरणावर लिहिलं जातं ते बहुतेक वर्तमानपत्री स्तंभांत. त्या स्तंभाला दुसऱ्या अभ्यासकाने मुद्देसूद उत्तर दिलंय, हे क्वचितच दिसतं.

पैशांचं थोडक्यात: नेट-जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये दोन्हीकडे सारखेच. महाराष्ट्रातल्या कॉलेजांत जागा निघतात त्या बहुतेक राज्यशास्त्राच्या.

माझा कल सांगतो. हाताशी मराठी आणि इंग्रजी एवढंच असेल आणि दिल्लीत चार-पाच वर्षं काढणं घरच्या परिस्थितीत बसत नसेल, तर राज्यशास्त्र घ्या. ही तडजोड नाही. तुमच्याकडे असलेला पुरावा दिल्लीतल्या कुणाकडे नाही. आंतरराष्ट्रीय संबंध निवडायचे तर आधी तिसरी भाषा शिका. जैतापूरसाठी फ्रेंच, भारत-चीन सीमाप्रश्नासाठी चिनी. ती न शिकता नुसत्या सिद्धांतांच्या बळावर सिनॉप्सिस लिहिणारे बरेच असतात आणि व्हायवात ते उघडे पडतात.

दोन्हींच्या मधलीही एक वाट आहे. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पुटनम यांनी १९८८ मध्ये मांडलं की वाटाघाटी करणारा एकाच वेळी दोन पटांवर खेळतो, एक परदेशी पाहुण्यासमोर आणि एक घरच्या लोकांसमोर. घरचा विरोध दाखवून तो बाहेर भावही वाढवू शकतो. तिस्तेच्या पाणीवाटपाचा बांगलादेशशी होणारा करार २०११ मध्ये पश्चिम बंगालच्या विरोधाने अडला, त्यावर याच दिशेने खूप लिहिलं गेलंय. जैतापूरला हा चष्मा लावा. माडबनच्या विरोधाने दिल्लीचा पॅरिससमोर हात बळकट झाला की कमजोर? यासाठी राजापूरची एसटीही लागेल आणि फ्रेंचही. गाईड शोधताना मात्र पहिल्याच भेटीत विचारून घ्या, तुमचा प्रबंध तपासायला दोन्ही बाजूंचे परीक्षक नेमले जातील का. एकाच बाजूचे आले, तर दुसरा अर्धा भाग तुम्हाला परिशिष्टात टाकायला सांगतील.