पावसाळ्यातील मोटारसायकल : कव्हर की पत्र्याची शेड?

कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. रोज मोटारसायकलने कामावर जाणाऱ्या, पण घरी बंदिस्त गॅरेज नसलेल्या माणसाला गाडी रात्री कशाखाली ठेवायची याचा विचार मे महिन्यातच करावा लागतो. चिपळूणहून परशुराम घाट ओलांडून लोट्याला जाता-येता मी चार पावसाळे कव्हरवर काढले आणि गेले तीन पावसाळे अंगणातल्या शेडवर. पुढचे मत त्या अनुभवावरचे आहे.

कव्हरची बाजू लंगडी नाही. हजाराच्या आत काम होते, घरमालकाची परवानगी लागत नाही आणि घर बदलले तर ते सोबत नेता येते. उन्हापासून आणि मांजरांच्या नखांपासून सीट वाचवण्यात ते शेडपेक्षा काकणभर सरसच ठरते.

माझे मन बदलले ते संध्याकाळच्या एका त्रासामुळे. भिजून घरी यावे, रेनकोट पडवीत टांगावा, अंग पुसून कोरडे कपडे घालावेत आणि अर्ध्या तासाने, सायलेन्सर निवला की, केवळ कव्हर घालण्यासाठी पुन्हा पावसात उतरावे, हे रोजचे होते. एकदा कंटाळून घाई केली, तर कापड सायलेन्सरला चिकटले आणि त्याचा काळा डाग खरवडूनही पूर्ण निघाला नाही. एवढे करूनही गाडी कोरडी होत नसे, कारण ओल्या गाडीवर कव्हर घातले की आतली वाफ आतच राहते. सकाळी कव्हर उचलले की त्याच्या आतल्या बाजूला थेंब लोंबत असत, सीटच्या शिवणीवर बुरशीची पांढुरकी रेघ दिसे, चेनच्या कड्यांवर तांबूस गंज चढलेला असे आणि डिस्कवरच्या गंजामुळे पहिला ब्रेक खरखरत लागे. घाटातल्या तांबड्या चिखलाने माखलेले ते ओले कव्हर घडी करून ठेवायचे कुठे, हाही प्रश्न असेच.

शेडखाली हे सारे टळते. गाडी आत घ्यायची, स्टँडवर लावायची आणि घरात जायचे. वारा खेळता राहिल्याने ती रात्रभरात बरीचशी आपोआप वाळते. याहून मोठी सोय म्हणजे कोरड्या जागी चेनची निगा राखता येते. भर पावसातही चेन पुसून, चाक हाताने फिरवत नव्वद नंबरचे गिअर ऑइल सोडता येते. कव्हरच्या दिवसांत हे काम उघडीप मिळेपर्यंत लांबत असे, आणि आषाढात उघडीप कधी मिळेल याचा नेम नसतो.

शेडलाही उणिवा आहेत. दहा बाय सहा फुटांच्या शेडला मला कव्हरच्या अनेक पट खर्च आला आणि पत्र्यावरचा पावसाचा आवाज रात्री जाणवतो. वाऱ्याचा धोकाही खरा आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड आणि उत्तर रत्नागिरीत किती छपरे उडाली हे ज्यांनी पाहिले, ते खांब काँक्रीटमध्ये गाडण्यात काटकसर करणार नाहीत. नुसत्या छपराने तिरकी झडही अडत नाही. पहिल्या वर्षी गाडीची एक बाजू भिजतच राहिली. पुढच्या वर्षी पडवीला बांधतात तसा झापांचा, म्हणजे माडाच्या विणलेल्या झावळ्यांचा, आडोसा नैर्ऋत्येच्या अंगाला बांधला, तेव्हा कुठे जमिनीचा कोबा कोरडा राहू लागला. बाकीच्या बाजू मात्र मोकळ्याच ठेवाव्यात, नाहीतर शेडचेही मोठे कव्हर होते.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना किंवा महिन्यातून दोनदाच गाडी काढणाऱ्यांना मी शेडचा आग्रह करणार नाही; त्यांनी गाडी आधी कोरडी पुसावी आणि कव्हरची खालची दोरी सैल ठेवावी. अंगण स्वतःचे असेल आणि रोज भिजून परतणे चुकणार नसेल, तर माझा कौल शेडला आहे. फॅब्रिकेशनवाल्याला मात्र एप्रिलमध्येच गाठावे, कारण मृग जवळ आला की तो ज्याच्या-त्याच्या छपरावर अडकलेला असतो.